पावसाची खबर देणारी माता

मंगळवार उजाडला की सुशीलाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. अर्जुनी मोरगावकडून, पार देवरीकडून लोक मोटारसायकलींवर येत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असे: धान कधी कापायचा?

याचं उत्तर हल्ली कुणाजवळच नव्हतं. नक्षत्रांवरून बांधलेले म्हाताऱ्यांचे आडाखे गेल्या काही वर्षांत सपशेल चुकू लागले होते. दिवाळी उलटून गेली तरी दूर समुद्रात वादळ उठे आणि इकडे कापून वाळत टाकलेला धान बांधीतच, खाचरातल्या खाचरात, भिजून जाई. अशा वेळी सुशीलाबाईंच्या अंगात माता येई. केस मोकळे सोडून त्या घुमत आणि सांगत, "बुधवारी पानी हाय. कापू नोका." आणि बुधवारी खरंच पाऊस येई!

"मोबाइलले ढग दिसते, माताले ढगाच्या मागचं दिसते!" सुशीलाबाईंचे भाऊ दुर्गाप्रसाद आरतीचं ताट फिरवत गरजत. ते मंगळवारी मुद्दाम गोंदियाहून येत. "देखो भाई, बादल का मालिक कोण? माताजी! साइन्सवाले तो सिर्फ पानी नापते बैठते. पडल्यावर नापून काय फायदा?" लोक माना डोलावत, नारळ फोडत.

त्या गर्दीत मान खाली घालून उभी असे ती सुशीलाबाईंची सून भूमिका. ती कृषी पदवी घेऊन या घरात आली होती. पहिल्याच हंगामात तिनं मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज गावात सांगून पाहिला. "कालची सून. हिले धानातलं काय समजते?" म्हणत लोकांनी कापणी केली आणि धान भिजवला.

पुढे एकदा जेवताना ती सासूला सहज म्हणाली, "आई, बुधवारी पाऊस दिसतो." दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मातेच्या तोंडून बाहेर पडलं. भूमिका चपापली. पण या वेळी गावानं ऐकलं आणि धान वाचला. माता खोटी असेल, वाचलेला धान तर खरा आहे ना, अशी तिनं मनाची समजूत घातली. मग ती दर सोमवारी जाणूनबुजून सासूच्या कानावर अंदाज घालू लागली. सुशीलाबाई ठरवून ढोंग करत होत्या, असंही नाही. सून बोललेलं त्यांना घुमताना आतून ऐकू येई आणि तो मातेचाच आवाज आहे असं वाटे.

कार्तिकातल्या एका सोमवारी भूमिका म्हणाली, "पाऊस येईलसं दिसत नाही, पण वादळाची दिशा अजून पक्की नाही. थोडा कापावा, थोडा उभा ठेवावा."

मंगळवारी माता म्हणाली, "पानी नाही. कापून टाका."

'पण' गळून गेला होता. देवाच्या तोंडी 'पण' शोभत नाही!

संध्याकाळी रुख्मा परसदारी आली. ती एकटी बाई, दुसऱ्याची बांधी ठेक्यानं करणारी. हळूच म्हणाली, "भूमिका, तू शिकलेली हायेस. खरं सांग बाई, सगळा धान कापू का?"

भूमिकेच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. मागच्या ओसरीवरून दुर्गाप्रसाद पाहत होते. मातेच्या शब्दावर एकदा शंका आली की पुढे कुणी काहीच ऐकणार नाही, असा विचार तिच्या मनात आला. ती म्हणाली, "मातेनं सांगितलं ना मावशी? मग कापा."

वादळ इकडेच वळलं. कापलेला धान पाण्यात बुडाला आणि लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले.

पुढच्या मंगळवारी अंगण भरलं ते रागानं. दुर्गाप्रसाद मात्र तयारीत होते. "माताजी झूठ बोलत नाही! शक केला कोणी, ते पाहा!" त्यांनी बोट रोखलं. "ही रुख्मा! मातेनं सांगितल्यावर ही पुन्हा विचारायला आली होती. मैंने खुद देखा. म्हणून बादल उलटला!"

"इच्यामुळंच झालं!" कोणी ओरडलं. "काढा इले गावातून!"

रुख्मानं भूमिकेकडे पाहिलं.

ती नजर भूमिकेला सोसवली नाही. "थांबा!" ती पुढे आली. "मातेला विचारा, उद्या पाऊस आहे का. या सोमवारी मी आईंना काहीच सांगितलेलं नाही."

"माताजी का इम्तिहान?" दुर्गाप्रसाद खेकसले.

"इचारून तं पाहू," म्हातारे ईश्वरदास म्हणाले. "इचारायले काय जाते?"

सुशीलाबाई घुमत होत्या. घुमणं मंदावलं, थांबलं. त्यांनी गोंधळून आजूबाजूला पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "भूमिका, उद्या काय हाय वो?"

भूमिकेनं मोबाइल वर धरला आणि सगळं सांगितलं: ढगांची, वाऱ्याची मोजमापं कशी होतात, त्यावरून अंदाज कसा निघतो, तो आपण सोमवारी कसा सांगत होतो, त्यातली शंका कशी गाळली गेली. "रुख्मामावशींनी मला विचारलं. मला ठाऊक होतं, तरी मी लपवलं. पाप कोणी केलं असेल तर मी केलं."

रुख्मा म्हणाली, "म्या माताले नोहतं इचारलं. तुले इचारलं होतं."

दुर्गाप्रसाद त्याच दुपारच्या बसनं गेले. भूमिका रुख्माच्या बांधीत जाऊन भिजलेल्या पेंढ्या उलटू लागली. रुख्मानं तिला करू दिलं, पण हंगाम संपेपर्यंत ती तिच्याशी एक शब्दही बोलली नाही. भूमिकेला त्याचं वाईट वाटलं नाही. बोलली असती तर अधिक वाटलं असतं.

आता ती रोज संध्याकाळी चावडीवर अंदाज वाचते, शंकेसकट. लोक धान टप्प्याटप्प्यानं कापतात आणि ताडपत्र्या आधीच काढून ठेवतात. ईश्वरदास एकदा कुरकुरले, "पक्कं नाही तं सांगते कायले?"

"काका, पक्कं नाही हे कळलं म्हणूनच तुम्ही अर्धा धान उभा ठेवला ना?"

अंदाज चुकला तर पुन्हा मोजता येतो. माता चुकली की मात्र कुणाला तरी पापी ठरवावं लागतं, आणि ते बहुधा गावातलं सगळ्यात एकटं माणूस असतं. ऋतू बदलले आहेत. आपल्याला विचारत विचारतच शेती करावी लागणार. म्हणून एवढंच करा: जो शंका विचारू देत नाही, त्याच्या शब्दावर विळा उचलू नका.