किरकोळ साफसफाई

"वर काय लिहिलंस?" कचेरीतल्या वरिष्ठ बाईंनी त्याच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे वाकून पाहिले.

"किरकोळ साफसफाई."

"झकास! कुणी ढुंकूनही बघणार नाही. मुनी, तुझ्याइतकं नीरस लिहिणारा माणूस शोधून सापडायचा नाही. स्तुती आहे बरं का ही."

तो फारसे बोलत नसे, म्हणून कचेरीने त्याचा मुनी केला होता. संगणक सुरू होताना सर्वांआधी जागा होणारा आणि बाकी सगळ्या प्रोग्रामांवर हुकमत चालवणारा जो गाभा, ज्याला ते कर्नल म्हणत, त्यातली भोके बुजवणे हे त्याचे काम. या खेपेचे भोक जुने होते. भाडेकरूने खोली सोडावी, किल्ली मात्र त्याच्याकडेच राहावी, आणि पुढे त्याच खोलीत कुणी तिजोरी आणून ठेवावी, तसे काहीसे. ती किल्ली ज्याच्या हाती लागेल, तो साऱ्या घराचा धनी.

मुनीने कुलूप बदलले होते. परंतु दुरुस्ती चारचौघांत मांडावी लागे, आणि दुरुस्तीच भोकाचा पत्ता सांगे. म्हणून रिवाज असा, की नवे कुलूप सर्वत्र पोचेपर्यंत दुरुस्तीच्या माथ्यावर काहीतरी साधेसे लिहायचे आणि गप्प राहायचे. घरीसुद्धा बोलायचे नाही. तसा शब्द त्याने बाईंना दिला होता, आणि गप्प राहणे त्याला कधी जड गेले नव्हते.

इतक्यात ताईचा फोन आला.

"हे बघ, घाबरू नकोस. बाबांना चक्कर आली म्हणून दवाखान्यात ठेवलंय. मला मुलांना आणायला जायचंय, तू जाऊन बस जरा. किरकोळ आहे म्हणे."

"कोण म्हणालं? डॉक्टर?"

"बाबा म्हणाले."

वॉर्ड लांबट होता. दुपारचा पांढरा उजेड खाटांवर इस्त्री केल्यासारखा पसरला होता. प्रत्येक उशाशी थेंबाथेंबाने औषध सोडणारे एक यंत्र होते, त्याच्या पाठीतून एक वायर भिंतीत गेली होती, आणि वायरीच्या तोंडाशी हिरवा ठिपका लुकलुकत होता. सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्याशी ती सगळी यंत्रे अशी जोडलेली होती.

"आलास?" बाबा म्हणाले. त्यांचे मनगट पांघरुणावर एखाद्या परक्या वस्तूसारखे पडले होते. "तुझ्या ताईला नुसता गोंधळ घालायला हवा. काही झालेलं नाही मला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर काय म्हणणार? ते त्यांच्या भाषेत म्हणतात. तू खाल्लंस का काही?"

त्याच वेळी उशाशी असलेल्या यंत्राचा पडदा काळा झाला. मग त्यावरून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या. वॉर्डात त्या कुणी वाचल्या नाहीत. मुनीने वाचल्या. तोच गाभा होता, त्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. आणि तो जुना होता. त्यात मुनीची दुरुस्ती नव्हती.

यंत्रे सांभाळणारे काका चपला फटफटवत आले. पडद्यावर आकडे पुन्हा उमटलेले पाहून त्यांनी यंत्राच्या पाठीवर थोपटले.

"घाबरू नका. झोप मोडल्यासारखं उठतं कधीकधी. आज जरा जास्तच उठतंय, एवढंच."

"काका, यात नवी दुरुस्ती कधी घालता?"

"गंभीर असं लिहून आली की लगेच. किरकोळला आम्ही हात लावत नाही. यंत्र बंद करा, पेशंटचं औषध थांबवा, सिस्टरांच्या शिव्या खा! किरकोळसाठी कोण करेल एवढं? लिहिणाऱ्यांचं काय जातंय?"

मुनी बाहेरच्या जिन्यात गेला. त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, वरचा शब्द बदलू या. गंभीर लिहू."

"वेडा आहेस का? अजून निम्म्या जगात पोचलेली नाही दुरुस्ती. आज गंभीर लिहिलंस तर चोर आधी वाचतील." बाईंचा आवाज खाली आला. "आणि ऐक. कुणीतरी अनोळखी माणसानं आपल्याला जाहीर विचारलंय, एवढ्या किरकोळ गोष्टीची एवढी घाई कशासाठी?"

"म्हणजे कळलंय."

"वास लागलाय. म्हणून म्हणते, आता एक अक्षरही नाही. कुणाकडेच नाही. ऐकतोयस ना?"

या वेळी शब्द न देताच त्याने फोन ठेवला.

तो परतला तेव्हा बाबांचे डोळे मिटलेले होते. यंत्रातून थेंब पडत होते. हे नुसते जुने यंत्र आहे, की एव्हाना कुणीतरी त्या वायरीतून येऊन त्याच्या दाराची कडी हलवून पाहत होते? यंत्राच्या अशा वारंवार बंद पडून उठण्याचा अर्थ लावता येत नव्हता. मुनीने वाकून भिंतीतली वायर उपटली. हिरवा ठिपका विझला. थेंब पडतच राहिले.

"अहो! काय काढलंत ते?" सिस्टर तरातरा आल्या. त्यांच्या मागून काकाही.

"औषध चालू आहे, सिस्टर. फक्त तुमच्या पडद्यावर दिसणार नाही. मी बसतो इथे, आकडे वाचून सांगतो तुम्हाला."

"का पण? बिघडलंय का काही?"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळू नये अशी.

"आणि फक्त यांचंच होय?" सिस्टरांनी कमरेवर हात ठेवले. "बाकीचे काय परके आहेत? तसं असेल तर सगळ्यांचंच काढते. पण मग आम्हाला खाटेखाटेशी उभं राहून बघावं लागेल. सांगा, किरकोळच आहे ना?"

मुनीने वॉर्डाकडे पाहिले. खाटांमागे खाटा, आणि प्रत्येकीच्या उशाशी तो हिरवा, विश्वासू ठिपका. मागच्या खाटेवरची म्हातारी तोंड उघडे टाकून झोपली होती. तो शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. आयुष्यभर तो त्याने इतक्या सफाईने लिहिला होता, की त्याला तो स्वतःच्या सहीसारखा वाटे.

"नाही," तो म्हणाला. "किरकोळ नाही. सगळ्यांचं काढा. याहून जास्त मला सांगता येत नाही."

सिस्टरांनी काकांकडे पाहिले, काकांनी मुनीच्या चेहऱ्याकडे. तिथे त्यांना काय दिसले कोण जाणे. ते मुकाट्याने शेजारच्या खाटेमागे वाकले. एक ठिपका विझला. मग त्यापलीकडचा. काका पुढेपुढे सरकत गेले, आणि भरदुपारी त्या भिंतीवरून दिवेलागण उलटी चालल्यासारखी वाटू लागली.

खिशात फोन थरथरला. बाई असाव्यात. त्याने तो तसाच राहू दिला.

"खोटं बोलायला जमलं नाही वाटतं?" बाबांचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते, कुणास ठाऊक.

"नाही जमलं."

बाबांनी मोठ्या कष्टाने पाय बाजूला घेतले आणि खाटेवर वीतभर जागा केली.

"बस इथे," ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाले, ते ताईला अजून सांगितलेलं नाही मी."