हिरवं व्हायची मुदत

"रविवारपर्यंत ही मेलेली वेल हिरवी झाली नाही, तर कापण्यात येईल."

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी भिंतीवरची नोटीस तीनदा वाचली. तिसऱ्यांदा ओठांत धरलेल्या टाचण्या पायावर पडल्या.

मेलेली? बारा वर्षं पोसलेली वेल! त्यांच्या तळमजल्यावरच्या शिवणखोलीच्या खिडकीवर उन्हाळाभर तिचाच पडदा, म्हणून दुपारी मशीनवर बसता यायचं. थंडीत ती पानं टाकायची, ऊन आत यायचं, म्हणून सुईत दोरा ओवता यायचा. आणि बिल्डिंगमध्ये येऊन दोन महिने झालेला हा सेक्रेटरी तिची तिरडी बांधतो!

गळ्यातली टेप तशीच ठेवून मास्तर वर धावले.

"अहो, ती झोपलीय! मुळं सावलीत, शेंडा उन्हात आणि थंडीत झोप, एवढंच मागते बिचारी. बर्फातसुद्धा मरत नाही."

"मग उठवा की," सेक्रेटरी म्हणाला. "रविवारी हिरव्या इमारतींची तपासणी आहे. झोपलेल्याला मार्क नसतात."

"थंडीत पानं येतात का कुठे?"

"माझ्या टेबलावरच्या झाडाला बारा महिने असतात."

"ते प्लास्टिकचं आहे!"

"हिरवं आहे ना?"

शनिवारी संध्याकाळी मास्तर अस्तराचं कापड घेऊन परतले आणि दारातच थिजले. वेलीची एकूण एक काडी पोपटी रंगात चकाकत होती. स्टुलावर रंगारी मेहुणा ब्रश पुसत होता.

"हे काय केलंस, गाढवा!"

"ताईने सांगितलं, दाजी. दोन हात मारलेत, मनापासून."

मास्तर बायकोकडे वळले. "अगं, काड्यांवरचे डोळे गुदमरतील तिचे! कोंब कुठून फुटणार?"

"आणि कापल्यावर कुठून फुटले असते?" बायको म्हणाली. "नोटिशीत हिरवी लिहिलंय. जिवंत कुठे लिहिलंय?"

रविवारी सेक्रेटरी पांढरा सूट घालून हजर. सूट मास्तरांनीच शिवलेला. "हे सगळं माझ्या देखरेखीखाली," असं तपासणीला आलेल्या बाईंना सांगत तो फोटोसाठी वेलीला ऐटीत टेकला. थंडीत ऑइलपेंट लवकर वाळत नाही, हे त्याच्या देखरेखीतून निसटलं होतं.

बाईंनी नखाने एक काडी खरवडली. हिरव्याखाली तपकिरी, तपकिरीखाली पुन्हा हिरवं, ओलं.

"ठणठणीत आहे. हिला हात लावायचा नाही," त्या कडाडल्या. "पण रंग फासायला लावणारा मूर्ख कोण?"

सगळ्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. आत्ताच तर तो छातीवर हात ठेवून सांगत होता! तो तोंड चुकवून वळला, तर पाठीवर अख्खी वेल, फांद्यांसकट.

तासाभराने तो सूट हातावर टाकून आला. मास्तर बोथट सुरीने एकेका डोळ्यावरचा रंग सोलत बसले होते.

"मास्तर, काहीतरी करा. परवा भाषण आहे माझं."

मास्तरांनी सूट उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि मान हलवली.

"मेलाय हो हा. पुढच्या रविवारपर्यंत मुदत देतो. पांढरा झाला नाही, तर कापण्यात येईल."

आणि त्यांनी मोठी कात्री जवळ ओढली.