चौदा बेअरिंगं आणि एक मेणबत्ती

काकूंना राग आला की दूध तापवायला चूल लागत नाही, पातेलं त्यांच्या शेजारी ठेवलं तरी भागतं, असं सगळे म्हणायचे. लोकांना वाढवून सांगायची खोडच असते. दूध नुसतं कोमट व्हायचं. पण त्या गुरुवारी सकाळी काकू गोठ्यात शिरल्या तेव्हा अकराही गाईंनी शेपट्या आवरून घेतल्या, आणि जी लाथाडी होती ती तर आपणहून बादलीपाशी येऊन उभी राहिली. म्हणजे बघा.

कारण घरातलंच होतं. नवऱ्याने फोनवर "बरं" म्हटलं होतं.

या माणसाला सगळे बरंकाकाच म्हणायचे. पाऊस येणार म्हटलं तरी बरं, येणार नाही म्हटलं तरी बरं. लग्नाचंसुद्धा काकूंनीच विचारलं होतं म्हणे, आणि हा म्हणाला, बरं. आता त्याने जुन्या यंत्रांच्या एका व्यापाऱ्याला सेकंडहँड बेलरसाठी बरं म्हणून टाकलं होतं.

"न बघता?" काकूंनी विचारलं.

"तो म्हणाला, नव्यासारखाच आहे."

"आणि नव्यासारखा म्हणजे कसा, हे तुम्ही विचारलंत?"

बरंकाकांनी टोपी डोक्यावरून काढली, आत बघितलं, परत घातली. टोपीत उत्तर नव्हतं.

आता बेलरसाठी एवढं कशाला तापायचं, असं कोणी म्हणेल. त्यांच्याकडे आधी एक होता. ट्रॅक्टरमागे जोडायचा, तो कापलेलं वाळलं गवत दात्यांनी उचलायचा, पोटात पट्ट्यांवर गरागरा फिरवायचा आणि मागचं दार उघडून छातीएवढी गोल गाठ बाहेर टाकायचा. दोन वर्षांपूर्वी भर शेतात त्याचं डावीकडचं तिसरं बेअरिंग तापलं आणि पोटातलं गवत पेटलं. पाणी लांब, जवळ दुधाचे दोन कॅन. काकूंनी दोन्ही कॅन ओतले. आग विझली, आणि पंचक्रोशीतली मांजरं पंधरा दिवस त्या शेतातून हलली नाहीत. बेलर भंगारात गेला. पुढच्या वर्षी भाड्याचा बेलरवाला अकरा दिवस उशिरा उगवला. तोवर गवत भिजून काळं पडलेलं, बुरशी धरलेली. गाईंनी हुंगून तोंड फिरवलं. शेवटी चार गाई दुसऱ्याच्या गाडीत चढवाव्या लागल्या. त्यातली बांडी वळून वळून मागे बघत होती. ते काकूंच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

यंदाचं गवत कापून शेतात पडलं होतं, आणि रविवारी पाऊस सांगितला होता. बेलर भलता निघाला तर उरलेल्या अकराही गाई त्याच वाटेने जाणार होत्या.

म्हणून काकू सोबत निघाल्या. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तासभर पाठमोऱ्या बसल्या, नवऱ्याचं तोंड दिसायला नको म्हणून.

व्यापाऱ्याला लोक मधाचं बोट म्हणायचे. तो हसत हसतच गेटापर्यंत आला.

"या काका, या! काकूपण आल्या? अरे वा. काकू, तुम्ही ऑफिसात बसा, पंखा लावतो. मशीनचं आम्ही दोघं बघतो."

बरंकाका दोन पावलं बाजूला सरकले. आता इथे काय होणार ते त्यांना माहीत होतं.

"पंखा तुमच्यासाठी ठेवा," काकू म्हणाल्या. "थोड्या वेळाने लागेल."

आवारात तीन बेलर होते. एक इतका अवाढव्य, की त्यांच्या ट्रॅक्टरला जोडला असता तर त्याने ट्रॅक्टरचीच गाठ बांधून मागे टाकली असती. एक शेडच्या मागे, रंग उडालेला, आणि त्याच्या दात्यांत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. आणि मधोमध तो ठरवलेला, लालचुटुक, नवरदेवासारखा नटलेला.

"एका म्हातारबाबांचा आहे हो," मधाचं बोट म्हणाला. "वर्षातून चार दिवस चालवायचे. बाकी वर्षभर घरात. थंडीत पांघरूण घालायचे त्याला!"

"अंगाई कोण म्हणायचं?"

"अं?"

"काही नाही. ट्रॅक्टर जोडा अहो, सुरू करा."

काकूंनी पिशवीतून मेणबत्ती काढली. त्यांचे वडील गिरणीत मेकॅनिक होते. ते बेअरिंग कधी हाताने तपासत नसत. म्हणायचे, हात भिडस्त असतो, मेणाला भीड नाही. काकूंनी मेणाचे शेंगदाण्याएवढे तुकडे मोडले आणि एकेका बेअरिंगवर दाबून बसवले. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात.

"काकू, हे काय, वाढदिवस आहे का कोणाचा?" मधाचं बोट खिदळला.

"बघू. कदाचित तेरावं असेल. वीस मिनिटं चालवा."

"रिकामं मशीन वीस मिनिटं? दोन मिनिटांत कळतं सगळं!"

"तुम्हाला कळत असेल. मी मठ्ठ आहे. मला वीस लागतात."

बेलर धडधडायला लागला. दोन मिनिटं झाली तसा मधाचं बोट ट्रॅक्टरकडे निघाला. काकू वाटेत उभ्या. पाच मिनिटांनी त्याला फोन आला, तो न वाजताच. दहा मिनिटांनी त्याने डिझेलची काळजी केली. मग बरंकाकांनी मागचं दार उघडून बघितलं, आणि दार असं कण्हलं, आधी बारीक आणि मग लांबलचक, की काकूंच्या कपाळावर आठी पडली. हे कण्हणं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

वीस मिनिटं झाली. उजवीकडचे सातही तुकडे जागच्या जागी. डावीकडचे सहा जागच्या जागी. तिसरा नव्हता. त्याच्या जागी नव्या लाल रंगावरून मेणाचा एक ओघळ खाली उतरला होता.

"ऊन लागलं असेल," मधाचं बोट म्हणाला.

"ऊन नेम धरून पडतं का रे? चौदांतल्या एकावरच?"

तुम्हीवरून तूवर आल्या म्हणजे पुढचं ओळखावं. काकू गुडघ्यांवर बसल्या, डाव्या पत्र्याच्या आत हात घातला आणि चाचपडू लागल्या. हात थांबला. त्यांनी किल्लीने रंग खरवडला. लालखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली एक गोल पत्रा, चार रिव्हेटांनी ठोकलेला, आणि त्यावर ठसठशीत सातचा आकडा.

ते दुधाच्या कॅनचं झाकण होतं. त्यांच्या सात नंबरच्या कॅनचं. सहा वर्षांपूर्वी पत्रा फाटला तेव्हा काकूंनी स्वतःच्या हाताने ठोकलेलं.

काकूंनी किल्ली पिशवीत टाकली. शेडमागची कोंबडी अंडी सोडून भिंतीपलीकडे गेली. तिला आधी कळलं.

"अरे मेल्या!" काकू उठल्या. "माझंच मढं रंगवून मलाच विकतोस? दुधाने विझवलाय मी हा! वास घे, अजून आंबूस येत असेल! याच बेअरिंगने माझं गवत जाळलं, याच्यापायी माझी बांडी गेली, आणि तू त्याला लाली लावून उभा करतोस?"

"काकू, मला काय माहीत, भंगारवाल्याकडून आला..."

"आणि तो पांघरूण घालणारा म्हातारबाबा?"

मधाच्या बोटाने इकडेतिकडे बघितलं. मग बरंकाकांकडे बोट केलं. "खोटं कुठे बोललो? काका काय तरुण आहेत?"

आवाज म्हणे तीन शेतं पलीकडे गेला. गेटाशी दोन गिऱ्हाइकं आली होती, ती पुढे यावं की मागे जावं या विचारात तिथेच थांबली. मग काकू नवऱ्याकडे वळल्या.

"नऊ वर्षं हा तुमच्या ट्रॅक्टरमागे चालला. ओळखला नाहीत?"

"तेव्हा हिरवा होता गं."

"उद्या मी केस काळे केले तर मलाही नमस्कार करून विचाराल, कोण पाहिजे!"

बरंकाकांच्या ओठांवर ब आला होता. त्यांनी तो तसाच गिळला.

काकू तरातरा शेडमागे गेल्या आणि दात्यांतली अंडी उचलून बाजूच्या गवतात ठेवली. रंग उडालेल्या बेलरचे पट्टे त्यांनी एकेक ताणून बघितले. लांबी सारखी, कडा शाबूत. दाते वाकलेले नव्हते. चेन तेवढी ढिली. ट्रॅक्टर इकडे जोडला, चौदा तुकडे बसवले, वीस मिनिटं. चौदाच्या चौदा तिथेच.

गेटावरची गिऱ्हाइकं अजून कान टवकारून उभी होती. मधाच्या बोटाला घाम फुटला.

"काकू, हाच न्या. ठरल्यापेक्षा निम्म्यात. काका, तुम्ही बोला. बरं ना?"

बरंकाकांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"नाही," ते म्हणाले.

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस नाही म्हणाला, आणि म्हणाला ते नेमकं हव्या त्या बेलरला!

"नवी चेन घालून देतो," मधाचं बोट म्हणाला.

"नाही."

"टायर पण बदलतो! सुतळीचे चार बंडल वरून!"

काकूंनी नवऱ्याच्या पायावर पाय दिला. जोरात.

"बरं," बरंकाका म्हणाले.

परतीच्या वाटेवर काकू पुन्हा पाठमोऱ्याच बसल्या. त्यांचा संताप आता दुप्पट होता. शंख त्यांनी करायचा, मेण त्यांनी लावायचं, आणि टायर मिळवले कोणी?

शनिवारी सूर्य उतरेपर्यंत शेत रिकामं झालं. अडतीस गाठी, हिरव्यागार, सुगंधी. पहिली गाठ तर उतारावरून जी सुटली ती थेट गोठ्याच्या दारात जाऊन थांबली, आणि अकरा गाईंनी एकदम मान वर केली, असं सांगतात. दर दहा गाठींना काकू ट्रॅक्टर थांबवून मेण बघत होत्या. एकही तुकडा हलला नाही.

शेवटची गाठ पडल्यावर बरंकाका खाली उतरले. टोपी काढली, आत बघितलं.

"आता तरी राग गेला का गं?"

काकूंनी बेअरिंगवरचा एक तुकडा उचकटला आणि स्वतःच्या कपाळावर दाबून बसवला.

"तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं."

बरंकाका समोरच्या गाठीवर टेकले आणि बघत बसले. तीन मिनिटांत मेण नाकाच्या शेंड्यावर आलं होतं.