मिनिटभराचा आकडा

मित्रांनो, मला पाहून बरेच जण विचारतात, ही कुठल्या गाडीची किल्ली? माझा आकार तसाच आहे. करड्या प्लॅस्टिकची लहानशी डबी, एका टोकाला कडी आणि पोटावर काचेची चिंचोळी खिडकी. पण माझ्याने कुठलीच गाडी सुरू होत नाही. मी आहे एक जुने टोकन. त्या खिडकीत सहा आकडे दिसत आणि दर मिनिटाला ते बदलत. खिडकीच्या कडेला बारीक रेघा होत्या. एकेक रेघ विझत जाई आणि शेवटची विझली की नवा आकडा उमटे. आता तिथे काहीच दिसत नाही. तरी माझी हकिगत ऐका.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. पोटात चपटी बॅटरी बसवली, इवलेसे घड्याळ बसवले, आणखीही काहीतरी भरले आणि डबी कायमची बंद केली. ते आणखी काहीतरी काय होते, हे मला तेव्हा कळले नाही. आकडे माझ्यातून येत होते, पण कुठून येतात ते मलाही ठाऊक नव्हते. पुठ्ठ्याच्या खोक्यात माझ्यासारखी कितीतरी टोकने होती. आम्ही सगळे शेजारी शेजारी, पण एकाच मिनिटाला प्रत्येकाचा आकडा वेगळा. मला याचे फार नवल वाटे.

२००६ साली ते खोके वसईच्या पूर्वेला, गोखिवऱ्याच्या एका छोट्या ऑफिसात उघडले. तिथले काम असे: अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून काय आढळले ते बोलून रेकॉर्ड करून ठेवत. तो आवाज इंटरनेटवरून इकडे येई आणि इथल्या बायका तो ऐकून टाइप करत. बहुतेक जणी घरूनच काम करत. प्रत्येकीचे एक अकाउंट होते. तोवर ते नुसत्या पासवर्डने उघडे. पण त्यात लोकांच्या आजारांची माहिती असे. एवढ्या नाजूक माहितीला एक कुलूप पुरत नाही, असे ठरले आणि आम्हांला बोलावणे आले.

त्या दिवशी ऑफिसात बायका रांगेने कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. कॉम्प्युटरची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रेडरिकने प्रत्येकीच्या हातात एकेक टोकन ठेवले. मी प्रेमलताच्या वाट्याला आलो. प्रेमलता निर्मळ गावची. घरी केळीची आणि फुलांची वाडी, ती तिचे सासरे एकनाथ पाहत. ती स्वतः आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसे आणि पायाखालचे पेडल दाबून डॉक्टरांचा आवाज थांबवत, मागे नेत टाइप करी.

“आधी पासवर्ड टाका,” फ्रेडरिक म्हणाला. “आता टोकनच्या पाठीवरचा नंबर. आता खिडकीतला. झालं? थांबा. नंबर बदलू दे. बदलला की तोही टाका.”

“दोनदा कशाला?” प्रेमलताने विचारले.

“घड्याळ जुळतंय का ते बघतात, ताई. पासवर्ड डोक्यात, टोकन हातात. चोराला दोन्ही लागणार.”

“पण मी कुठला नंबर टाकणार, ते तिकडच्या कॉम्प्युटरला कळतं कसं?”

फ्रेडरिक पुढच्या खुर्चीकडे वळला. “कळतं,” तो म्हणाला. “तसंच बनवलंय ते.”

शेजारी उमेळ्याची शकू बसली होती. दोघी एकाच वेळी कामाला लागलेल्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. शकूचे केव्हाच आटोपले होते. ती हसून म्हणाली, “अगं, चालतंय ना? मग झालं तर. चल, मला अजून भाजी घ्यायचीय.”

प्रेमलता उठली खरी, पण प्रश्न तिच्या डोक्यातून उठला नाही. स्कूटर घराशी लावताच तिने मला सासऱ्यांच्या तळहातावर ठेवले. एकनाथांनी मला उलटेसुलटे केले, कानाशी लावले, उन्हात धरले.

“याला वायर नाय, अँटेना नाय,” ते म्हणाले. “हवेतून येत असेल, रेडिओसारखं.”

“मग बंद डब्यात ठेवून बघू या का, बाबा?”

दोघांनी मला चहाच्या पत्तीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घातले, झाकण घट्ट लावले आणि डबा वाडीत, केळींच्या पार पलीकडे नेऊन ठेवला. आत मिट्ट काळोख होता आणि चहाचा वास येत होता. मी आपला आकडे बदलत राहिलो. बऱ्याच वेळाने डबा कॉम्प्युटरशी आणून मला बाहेर काढले, तेव्हा आकडा मधेच बदलत नाही ना, म्हणून एकनाथ माझ्या खिडकीवर डोळा लावूनच होते. प्रेमलताने तो आकडा कॉम्प्युटरवर टाकला आणि अकाउंट उघडले.

“म्हणजे हवेतून नाय,” एकनाथ म्हणाले. त्यांचा अंदाज चुकला होता, तरी चेहरा खुलला होता. त्यानंतर घरी येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला दाखवू लागले. माझे एवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही.

पुढच्या खेपेला गोखिवऱ्याला गेल्यावर प्रेमलताने फ्रेडरिकला डब्याची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. “खरं सांगू का ताई, मलाही माहीत नाही. विचारतो,” तो म्हणाला. त्याने हेड ऑफिसला मेल केला. उत्तर आले नाही, तेव्हा पुन्हा केला. अखेर एके दिवशी त्याने तिला मुद्दाम थांबवून घेतले.

“सापडलं! टोकन बनवतानाच त्याच्या पोटात एक लांबलचक गुप्त संख्या घालतात. प्रत्येकाची वेगळी. तीच संख्या तिकडच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्येही ठेवलेली असते. आणि घड्याळ दोघांकडे आहे.”

प्रेमलताने जरा विचार केला. “म्हणजे मी इथे आणि माझी बहीण तिकडे आगाशीला, दोघींनी त्याच मिनिटाला तेच गणित सोडवलं...”

“तर उत्तर एकच येणार. एकमेकींशी बोलायची गरजच नाही.”

मित्रांनो, माझ्या पोटात काय आहे, ते मला त्या दिवशी कळले. दर मिनिटाला दूर कुठेतरी कुणीतरी माझ्यासोबत तेच गणित करत होते. एकमेकांना पाहिले नाही, हाक मारली नाही, तरी उत्तर जुळत होते. मला आपण एकटे नाही असे वाटले.

काही महिने सुरळीत गेले. मग एक दुपार आली. लाईट गेली होती, इन्व्हर्टरही मान टाकण्याच्या बेतात होता आणि प्रेमलताचे एक मोठे काम अर्धवट होते. एवढ्यात फोन वाजला.

“मॅडम, हेड ऑफिसमधून बोलतोय,” माणूस अगदी अदबीने बोलत होता. तिचे नाव, तिचे काम, सगळे त्याला ठाऊक होते. “तुमचं टोकन आमच्याकडे जुळत नाहीये. पाच मिनिटांत अकाउंट बंद पडेल. आजचं काम जाईल, मॅडम. टोकनवरचा नंबर वाचता का जरा?”

तिचा पासवर्ड त्याने आधीच कुठून तरी मिळवला होता. हे नंतर उघड झाले. त्याला फक्त मी हवा होतो.

काम जाईल म्हटल्यावर प्रेमलता घाबरली. तिने मला उचलले. “नऊ,” तिने वाचले. “शून्य. सात. तीन...”

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला एकच काम येते, आणि तेवढ्यात त्याची वेळ झाली. शेवटची रेघ विझली आणि आकडा बदलला.

“अहो, बदलला,” ती म्हणाली.

“नवीन वाचा. लगेच, मॅडम, लगेच!” आता त्याच्या आवाजातली अदब उडाली होती.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग सावकाश म्हणाली, “पण हा नंबर तुमच्या कॉम्प्युटरला आधीच माहीत असतो. तुम्हाला तो माझ्याकडून कशाला हवाय?”

“सिस्टिम बंद आहे मॅडम, म्हणून तर...”

“सिस्टिम बंद आहे, मग माझं टोकन जुळत नाही हे कुणी सांगितलं?”

फोन बंद झाला. एकनाथांनी दारातून विचारले, “काय गं, कोण होतं?” पण प्रेमलता पुन्हा फोनकडे वळली होती. तिला शकू आठवली; तिलाही असाच फोन गेला तर? तिने उमेळ्याला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. पुन्हा एंगेज. मग तिने गोखिवऱ्याला लावला.

“फ्रेडरिक, शकूचं अकाउंट आत्ताच्या आत्ता बंद करा. कारण मग सांगते.”

“ताई, तिचं काम चालू असेल. मधेच बंद केलं तर सगळं जाईल तिचं. आणि उगाचच ठरलं तर?”

“तर ती माझ्यावर चिडेल. चिडू दे. करा तुम्ही!”

त्याने केले. पण थोडा उशीर झाला होता. शकूने तिचा आकडा त्या माणसाला पूर्ण वाचून दाखवला होता. तो आत शिरून काही रोग्यांचे कागद उघडून बसला होता. त्याच क्षणी अकाउंट बंद झाले नसते, तर त्याने सगळेच नेले असते.

संध्याकाळी शकूचा फोन आला. ती रडत होती. त्या वर्षी तिच्या घरची सगळी भिस्त तिच्याच कामावर होती. “प्रेमा, मी सांगते की मला फोन आलाच नव्हता. तू काही बोलू नकोस गं.”

“शकू, मीही वाचत होते. चार आकडे वाचून झाले होते माझे. तेवढ्यात नंबर बदलला म्हणून बचावले मी,” प्रेमलता म्हणाली. “लपवू नकोस. तो काय काय बघून गेला, ते त्यांना शोधायचंय. तूच सांग. मी येते तुझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी गोखिवऱ्याच्या ऑफिसात शकूने खाली मान घालून सगळे सांगितले. मॅनेजर संतापले होते. त्यांनी प्रेमलताकडे बोट दाखवले. “हिलाही तोच फोन आला. हिने नाही सांगितला नंबर!”

प्रेमलताला तिथे गप्प राहता आले असते. सगळ्यांसमोर शाबासकी मिळत होती. तिने मला टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “सर, मी सांगत होते. अर्ध्याहून जास्त सांगून झाला होता. मी थांबले, कारण हे चालतं कसं ते मी विचारलं होतं. बाकी कुणाला ते सांगितलंच नाही. कुठलं बटण कधी दाबायचं, एवढंच शिकवलं.”

मॅनेजरांनी फ्रेडरिककडे पाहिले. मग फ्रेडरिक म्हणाला, “ते बरोबर आहे, सर. मला कळलं, तेव्हा मी एकट्या ताईंना सांगितलं. सगळ्यांना सांगायला हवं होतं.”

शकूचे काम वाचले. ज्यांचे कागद उघडले गेले, त्यांना तिकडच्या दवाखान्याने तसे कळवले. त्यांतला एका बाईचा रिपोर्ट शकूने स्वतः टाइप केलेला होता. पुढे कित्येक दिवस ती मधूनच म्हणे, “त्या बाईला कसं वाटलं असेल गं?” उघडलेला कागद पुन्हा न उघडलेला करता येत नाही.

मित्रांनो, माझी बॅटरी बदलता येत नाही. माझ्या पाठीवर एक तारीख कोरलेली आहे. ती जवळ आली तसे आकडे फिके पडले आणि एके सकाळी उमटलेच नाहीत. प्रेमलताच्या किल्ल्यांना माझ्या जागी नवे टोकन लागले. मी टेबलाच्या खणात, स्टेपलरच्या पिनांशेजारी पडून राहिलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पलीकडचा तो मोठा कॉम्प्युटर आता माझे गणित एकटाच करत असेल, की त्यानेही ते सोडले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला.

मग एकदा मला बाहेर काढले. गोखिवऱ्याला नव्या बायका कामावर आल्या होत्या. त्यांच्यापुढे प्रेमलता उभी राहील असे मला वाटले, पण तिने मला शकूच्या हाती दिले. शकूने मला वर धरले. तिचा आवाज स्पष्ट होता. “असल्याच टोकनवरचा नंबर मी एकदा एका माणसाला फोनवर सांगितला होता,” ती म्हणाली. मागच्या रांगेतून एक हात भीतभीत वर आला.

“ताई, एक विचारू?”

“विचार,” शकू म्हणाली. “समजेपर्यंत विचार. आज घाई नाही.”

मित्रांनो, माझे भाऊबंद या ना त्या रूपात तुमच्याही हाती येतील. त्यांना नुसते सांभाळू नका, ते काय करतात हे विचारा. त्यांचा आकडा कुणी मागितला, तर सांगू नका. आणि घाबरून सांगून बसलात, तर लपवू नका. त्याच मिनिटाला कुणाला तरी हाक मारा. मिनिट फार लहान असते. मी जन्मभर तेच मोजत आलो आहे.