फाटक्या कानाचं वटवाघूळ

"बाबा, आपला ट्रेडमार्क चोरणारा आपल्याच घरातला निघाला, तर तुम्ही त्याच्यावरही हरकत घ्याल?"

हा प्रश्न पेनिनाचा नव्हता, तेउइलाचा होता. शुक्रवारी नेटबॉलच्या मैदानावर तिनं सगळ्या मैत्रिणींसमोर पैज लावली होती. "चर्चमध्ये घसा फाडून गातेस, मग घरी तोंड शिवून का बसतेस? विचार, नाहीतर महिनाभर माझं दप्तर उचलायचं." आणि पेनिना यंदा अशी काही धीट झाली होती की दप्तर उचलणं तिला शोभलं नसतं.

म्हणून तिनं रविवारचं जेवण गाठलं. नारळाच्या दाट दुधात शिजलेली अळूची पानं बाबांच्या ताटात होती. त्यांचा हात तिथेच थांबला.

"कोणी शिकवलं हे?"

"तेउइलानं."

"तिला सांग, आधी घरची कोंबडी सांभाळ. रोज आमच्या अळूत असते."

"कोंबडीचं नंतर बघू," आई म्हणाली. "पोरीनं विचारलंय त्याचं उत्तर द्या."

त्यांच्या खोबरेल तेलाच्या बाटलीवर उलटं टांगलेलं वटवाघूळ होतं, डावा कान फाटलेलं. सेफोनं, पेनिनाच्या मोठ्या भावानं, पाळलेलं वटवाघूळ तसंच होतं आणि चित्रही त्यानंच दहाव्या वर्षी काढलेलं. बाबांनी ते आधी इथल्या राजधानीत, आपियात नोंदवलं, मग न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडचा वकील मिळतंजुळतं नवं चिन्ह दिसलं की कळवायचा. शिवाय शनिवारी बाबा आणि पेनिना मिळून इंटरनेटवर परदेशी दुकानांची पानं चाळायचे. पेनिनाला तो खेळ भारी आवडायचा. सिडनीच्या एका साबणवाल्याला त्यांनी लेबल बदलायला लावलं, तेव्हा ती आठवडाभर शाळेत मिरवली होती.

पण गुरुवारी वकिलानं पाठवलेलं चित्र पाहून बाबांनी शेजारी बसलेल्या पेनिनासमोरच लॅपटॉप मिटला होता. ऑकलंडच्या कुठल्याशा कंपनीनं साबणासाठी अर्ज केला होता. वटवाघूळ उडतं होतं, पंख पसरलेलं. डावा कान फाटलेला.

सेफो तीन वर्षांपूर्वी घर सोडून ऑकलंडला गेला. "जन्मभर नारळ खवणार नाही," तो म्हणाला. "मग माझं नावही लावू नकोस," बाबा म्हणाले. तेव्हापासून फोन नाही. चर्चला जाण्याआधी आई त्याच्या डोक्याला तेल चोपडायची. ती सवय तिच्या तळहातांना अजून होती, रविवारी सकाळी ते उगीच एकमेकांवर घासले जायचे. आणि संध्याकाळी डोंगरातून वटवाघळं निघाली की पेनिना त्यानं शिकवलेली शीळ घालायची. उत्तर यायचं नाही, तरी घालायची.

"हरकत घ्यावीच लागते," बाबा अखेर म्हणाले. "एकाला सोडलं की दुसरा म्हणणार, तेव्हा तर गप्प बसलात. शाळेच्या सुट्टीनंतर मुदत संपते."

"पण बाबा, आपण जगातलं प्रत्येक वटवाघूळ बघतो, हे त्याला माहीत आहे. वकिलाचे मेल तोच तुम्हाला वाचून दाखवायचा. लपायचं असतं तर त्यानं मासा काढला असता."

"मग फोन करायचा होता."

"तुम्ही उचलला असता?"

बाबांनी पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. "मला दाखवा ते," आई म्हणाली. तिनं चित्र पाहिलंच नव्हतं. बाबा मुकाट्यानं उठले, लॅपटॉप घेऊन आले. आईनं कानावरून बोट फिरवलं. मग पंखांवरून.



"पंख चांगले काढलेत," बाबा म्हणाले.

"मालकानं लेखी संमती दिली तर दोन्ही चिन्हं राहू शकतात," पेनिना म्हणाली. "सिडनीच्या वेळी वकीलच म्हणाला होता."

"त्या साबणवाल्याला दिली नाही मी."

"तो साबणवाला होता."

"पोरी, फार बोलायला लागलीस. हरकत असो नाहीतर संमती, जाणार वकिलाकडूनच."

पेनिनानं हात धुतले आणि उभी राहिली. पैज केव्हाच जिंकून झाली होती. पुढचं तिचं तिचं होतं.

"शाळेचं गायनपथक सुट्टीत ऑकलंडला चाललंय. मी अजून नाव दिलं नव्हतं, उद्या देणार आहे. बाबा, तुम्हाला हवं ते लिहा. वकिलाला जे पाठवायचं ते पाठवा. पण एक प्रत मी अर्जावरच्या पत्त्यावर नेणार आणि दादाच्या हातात देणार. आणि आई, तेलाची बाटली तू भरून दे."