वरच्या शेतातलं स्फुरद

आमच्यात वाटणीचा एक नियम आहे. मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. ज्यानं हा नियम काढला त्याला माझा दादा भेटला नव्हता.

आमची शेतं दोन. दोन्ही कोरडवाहू, मापानं सारखीच. खालच्या शेतात घर आहे. वरच्यात चुनखडीच्या मातीशिवाय काही नाही, आणि ती माती महाहावरट. स्फुरदाचं खत घातलं की आधी स्वतः गिळते, पिकाला हात हलवत परत पाठवते. त्यातून स्फुरद जागचं हलत नाही. वरून फेकलं तर वरच्या सुक्या थरात पडून राहतं आणि मुळं ओल शोधत खाली निघून जातात. म्हणून मी दोन पेट्यांचं पेरणीयंत्र घेतलं, एका पेटीत बी, दुसरीत खत, आणि वर्षानुवर्षं बियाण्याच्या बोटभर खाली थोडं थोडं खत पेरत गेले. पाऊस दगा द्यायचा, पीक हातचं जायचं, पण घातलेलं स्फुरद मातीतच राहायचं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर मी सांगते, पेरणीच्या गडबडीत राहून गेलं. आता कुठे त्या जमिनीचं पोट भरलंय. मूठभर खतावर कणसं भरतात.

हे दादाला पक्कं माहीत होतं, कारण खताचं दुकान त्याचंच. सुरुवातीला पोती चढवताना तो हसायचा, धोंड्याला जेवू घालतेस म्हणायचा. गेल्या हंगामात तो वरच्या शेतात आला, उभ्या पिकातून हात फिरवत चालला आणि अजिबात हसला नाही. मी खुळी, मला वाटलं कौतुक करतोय.

वाटणीच्या दिवशी मामा मध्यस्थ म्हणून बाहेरच्या खोलीत बसले होते. आई तिथंच कॉटवर होती. गुडघे गेल्यापासून तिला उठवणं, न्हाऊ घालणं, खुर्चीत बसवणं सगळं मीच करते. दादानं वाटे सांगितले. एक वाटा वरचं शेत. दुसरा वाटा खालचं शेत, घर आणि आई.

मामांचा कप हातातच राहिला. दादा थंडपणे म्हणाला की आईचं सगळं आयुष्य या घरात गेलं, तेव्हा ज्याचं घर त्याची आई. आणि निवड काय, माझीच होती, तो कशाला मध्ये बोलेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेत हवं तर आईला त्याच्या हवाली करायचं, ज्याला तिच्या गोळ्या कोणत्या तेही ठाऊक नाही. आई हवी तर जन्मभर पोसलेली माती त्याच्या घशात घालायची आणि खाली पुन्हा पहिल्या पोत्यापासून सुरुवात करायची. मी काय उचलणार हे त्यानं दुकानात बसून आधीच ताडलं होतं. आईवरच्या माझ्या मायेवरच त्याचा सगळा डाव होता.

मी तोंडाला येईल ते बोलले. लाज कोळून प्यायलास म्हणाले. मामा शांत हो म्हणाले, तर त्यांनाही सुनावलं. दादा नखं बघत बसला होता. शेवटी माझा आवाज बसला आणि मी खालचं घेते म्हणायला तोंड उघडलं.

"वरचं घे," आई म्हणाली.

"आणि तुला कोण बघणार? हा?"

"मला उचलून नेता येतं. ती माती नेता येते का?"

आता दादाची तारांबळ उडाली. वर छप्पर नाही, आईचं वय काय, लोक काय म्हणतील. आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीनं वरचा वाटा उचलला, घर त्याला लखलाभ, असं तिनं मामांना सांगितलं. वर पत्र्याची खोली उभी राहीपर्यंत दोघी माझ्याकडे चला, असं मामा म्हणाले.

मी आईची लुगडी पिशवीत कोंबत होते आणि राग काही केल्या उतरत नव्हता. आता तो आईवरही होता. मी घसा फोडत असताना ही गप्प पडून राहिली होती.

"एवढं मनात होतं तर आधी का नाही बोललीस?"

"थांबले होते," आई म्हणाली. "वाटलं, तो एकदा तरी म्हणेल, आईला वाट्यात धरू नका."

हे तिनं हळू आवाजात सांगितलं नाही. दादा दारातच उभा होता.