मिश्र दुहेरीत मागं पाहायचं नसतं

मिश्र दुहेरीत बाई जाळीजवळ उभी राहते आणि पुरुष तिच्या मागे. असा काही नियम नाही, पण खेळ तसाच बसत गेलाय. मागच्यानं जोरात मारायचं, समोरच्यांनी घाईघाईत उचललेलं शटल जाळीजवळच्या बाईनं खाली ठेवून द्यायचं. आणि त्या बाईला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट बजावून सांगतात: मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं तर आपल्याच जोडीदाराचा फटका डोळ्यावर बसतो, नाहीतर समोरचं शटल कुठून आलं ते कळेपर्यंत ते जमिनीवर असतं.

सहा वर्षं मी शुभमच्या पुढे उभी राहिले. तो सौसरचा, शिक्षकाचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणतो. मी तिगावची, लग्न होऊन पांढुर्ण्यात आलेली. आमच्या जोडीनं देशभरातले हॉल पाहिले, काठमांडू-कोलंबोही पाहून आलो. बक्षिसांवर आणि खेळाच्या कोट्यातल्या नोकरीवर माझं घर चाललं. कोर्टवर शुभम "मेरा" म्हणून ओरडत नाही, "माही!" म्हणून ओरडतो, म्हणजे माझी. नागपूरच्या पोरांना त्याचं फार हसू यायचं. मला त्या शब्दानं धीर यायचा. मागचं सगळं त्याचं, मला बघायची गरज नाही.

मग उत्पला झाली, आणि मला मागं पाहायची सवय लागली.

ती चार महिन्यांची असताना तिला दुधाचा ठसका लागला होता. ओठ निळे पडले, पाठीवर दोन थापा दिल्या, रडली, संपलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. त्यांच्यासाठी ते 'होतं असं' होतं. मी तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरले की आधी तिथलं काय तिच्या अंगावर पडू शकतं ते बघते. पंखा, कपाटावरची पेटी, खिडकीतली कुंडी. भाकरी थापताना मान वळते. आंघोळीला गेले तर नळ बंद करून कान लावते. प्रतीक, माझा नवरा, नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर आहे. तो म्हणाला, "तुही मान एक दिवस तशीच राहून जाईल पाहजो."

मी पुन्हा सरावाला जायला लागले तेव्हा शुभमनं सरळच सांगितलं. तो काही लपवत नाही, हा त्याचा मोठा गुण आणि मोठा त्रास.

"ताई, भोपाळच्या एका पोरीनं विचारलं हाये मले. जोडी करतो का म्हणून. उंच हाये, हात चांगला हाये."

"मग?"

"मंग काई नाई. सौसरची स्पर्धा आपण खेळून घेऊ. जानेवारीत गुवाहाटीपासून सीझन सुरू होते. त्याच्या आधी मले तिले हो नाहीतर नाई सांगा लागते."

म्हणजे सौसर ही माझी परीक्षा होती. जोडीदार गेला तर मिश्र दुहेरीची खेळाडू नुसती बाई उरते, रॅकेट हातात घेतलेली. तिशीला टेकलेल्या, अंगावर पिणारी पोर असलेल्या बाईला नवा जोडीदार कोण देणार? घरी येऊन सासूबाईंना सांगितलं.

माझ्या सासूबाई, प्रमिलाबाई, कमी बोलतात. लग्न ठरलं तेव्हा लोकांनी त्यांचे कान भरले होते, सून परक्या पोरासोबत गावोगाव हिंडते म्हणून. त्या एकट्या छिंदवाड्याला येऊन आमची एक मॅच पाहून गेल्या. परत जाऊन सांगितलं म्हणे, "अवं, तो तिच्याकडं पाहतही नाई. शटलाकडंच पाहून राहते. तुमी कायले जीव काढता?" त्या दिवसापासून तो विषय आमच्या घरात बंद झाला. आत्ता त्या एवढंच म्हणाल्या, "सौसरले मी येतो. पोट्टीले मी घेतो. तू खेळ."

सौसरची स्पर्धा संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी भरवली होती. हॉल नवा, पत्र्याचं छत, कोर्टाच्या दोन्ही टोकांना पायऱ्या. माईकवर भाऊराव होते. हे गृहस्थ गावातल्या लग्नांत, मिरवणुकीत, रक्तदानात सगळीकडे माईकवर असतात आणि शटल कोणाचं पडलं याहून मंडपात कोण आलं याची त्यांना जास्त माहिती असते.

पहिली मॅच अमरावतीच्या जोडीशी. सोपी होती. सासूबाई उत्पलाला घेऊन आमच्या मागच्या पायरीवर बसल्या. मी जाळीजवळ. दुसऱ्याच रॅलीत मागून "अँ" असा आवाज आला आणि माझी मान वळली. शुभमचा फटका माझ्या कानाजवळून गेला. पुढे पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा वळले तेव्हा फटका मानेवर बसला, चांगला सणसणीत. जिंकलो, पण अमरावतीकरांनीच जास्त चुका केल्या म्हणून.

पाणी पिताना शुभम टॉवेलनं तोंड पुसत उभा राहिला.

"ताई, मागं काऊन पाहून राहिली तू? मागं मी आहो ना."

"तुले कोण पाहते? पोरीले पाहतो मी."

"पोरीजवळ आजी हाये."

"माहीत हाये मले."

"मंग?"

मला माहीत होतं, सगळंच माहीत होतं. मानेला माहीत नव्हतं. शुभमनं रॅकेटची जाळी बोटानं सरळ करायला घेतली. तो चिडला की बोलत नाही, जाळी सरळ करतो. मला भोपाळची ती उंच पोरगी डोळ्यांपुढे दिसली, जी मागं बघणार नाही कारण तिच्यामागं कोणी नाही.

सासूबाई पायरीवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "हिले पोट्टी दिसली पाहिजे ना? मंग मी समोरच बसतो. तिकडल्या टोकाले."

"आई, पण गेम संपला की आम्ही बाजू बदलतो."

"मंग मीबी बदलतो. मले कोणतं काम हाये?"

आणि खरंच तसं झालं. दुसऱ्या मॅचला त्या समोरच्या टोकाला, विरुद्ध जोडीच्या मागे बसल्या. मी जाळीवरून पाहिलं की समोरच्यांच्या खांद्यांमधून माझी पोर दिसायची, लाल टोपडं घातलेली. मान वळवायची गरजच नाही. गेम संपला की आम्ही इकडून तिकडे आणि सासूबाई तिकडून इकडे, काखेत पोर, खांद्याला पिशवी, हातात गरम पाण्याचा थर्मास. मॅचगणिक लोकांना कळायला लागलं. भाऊरावांनी तर धरूनच ठेवलं: "खिलाडी बाजू बदलून राहिले आहेत... आणि आजीसुद्धा बाजू बदलून राहिल्या आहेत! आजींसाठी रस्ता द्या!" टाळ्या पडायच्या. सासूबाई तोंडावर पदर घेऊन चालायच्या, पण मला दिसत होतं, त्यांना मजा येत होती.

उपांत्य सामना मी इतका चांगला खेळले की शुभम रॅली संपल्यावर नुसता हसला. त्याचं हसणं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

फायनल नागपूरच्या जोडीशी. पोराचा स्मॅश म्हणजे छताचा पत्रा आवाज देत होता, आणि जाळीवरची पोरगी विजेसारखी. पहिला गेम त्यांचा, दुसरा आमचा. तिसऱ्या गेमचा नियम वेगळा असतो: एका जोडीचे अकरा गुण झाले की मधेच बाजू बदलतात. अकरा त्यांचे झाले, आमचे नऊ.

आम्ही बाजू बदलली. मी पलीकडे जाऊन जाळीवरून पाहिलं, तर समोरची पायरी रिकामी. सासूबाई उठल्याच नव्हत्या. त्या आता आमच्या मागे होत्या, आणि हातानं खूण करत होत्या: पोट्टी झोपली, हलवत नाही.

"आई!" मी ओरडले.

सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

पंचांनी खेळायला बोलावलं. मी तिथंच उभी. शुभम जवळ आला. मला वाटलं, आता रॅकेटची जाळी सरळ करेल.

"ताई, ऐक. तू पाहू नको. मी पाहतो."

"तू कसा पाहशील? तू खेळून राहिला."

"रॅली संपली का मी मागंच जातो ना जागेवर. जाताना पाहतो आणि तुले सांगतो. दर पॉइंटाले. तू फक्त समोर पाह्य."

मला दुसरा मार्ग नव्हता. खेळ सुरू झाला. पहिला गुण गेला. मागून शुभमचा आवाज आला, "झोपली हाये." दुसरा गुण मिळाला. "झोपली हाये, ताई." मी वाकून रॅकेट समोर धरली. हळूहळू त्या दोन शब्दांना माझे खांदे ऐकायला लागले. शुभमनं मारलं, मी ठेवलं. तो म्हणाला "झोपली", मी पुढच्यासाठी वाकले. कधी बरोबरीत आलो कळलं नाही. भाऊराव माईकवर गप्प झाले होते, तेही मला नंतर आठवलं.

वीस-एकोणीस, आम्ही पुढे. एक गुण आणि झालं. रॅली लांबली. नागपूरच्या पोरानं तीन वेळा फोडलं, शुभमनं तीनही उचलले. आणि तेवढ्यात मागून, अगदी मागून, उत्पलाची किंकाळी आली. झोपेतून उठल्याची नव्हे. मोठी, घशापासूनची.

माझी मान फिरायला निघाली. मला ती निघालेली कळली.

"माही!" शुभम ओरडला.

आणि मी फिरले नाही. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या शब्दात शटलही होतं आणि मागचं सगळंच होतं. मी वाकलेलीच राहिले. त्यानं मारलं नाही, हलकेच जाळीपलीकडे टाकलं. पोरगी झेपावली, तिनं कसंबसं वर उचललं, ते माझ्या नाकासमोर आलं. मी खाली ठेवलं.

रॅकेट तिथंच टाकून मी वळले. सासूबाईंची मांडी रिकामी होती.

मी पायरीकडे धावले. मग दिसलं. उत्पला पायरीशेजारच्या माईकच्या टेबलाजवळ, भाऊरावांच्या कडेवर होती. हातात त्यांचा चष्मा. ते तो परत मागत होते म्हणून ती किंचाळली होती. टोपडं कुठंच नव्हतं. टेबलावर मुरमुरे सांडले होते.

मी तिला ओढून घेतलं. "ही इथं कधीपासून हाये?"

"लय वेळची," भाऊराव म्हणाले. "बाजू बदलली तशीच उठली ती. आजीजवळ राहेना. माईक चावाले मांगत होती, म्हणून मी बंद करून देला. तुमची पोट्टी माइकाची शौकीन आहे बाई."

मी शुभमकडे वळले. तो नागपूरच्या पोराशी हात मिळवून आला होता, घामानं निथळत.

"तू पाहिलंच नाही!"

"पाहिलं ना. दर वेळेस पाहिलं."

"मग झोपली झोपली काय करून राहिला होता? ती जागी होती!"

"हो. हसून राहिली होती. भाऊरावाच्या मिशा ओढून राहिली होती." त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "हसून राहिली म्हटलं असतं तं तू वळून पाह्यलं असतं का नाई?"

वळले असते. रडते म्हटलं असतं तर वळले असतेच, पण हसते म्हटलं असतं तर नक्की वळले असते. ठसका लागू नये म्हणून एक वळणं आणि हसणं बघायला मिळावं म्हणून दुसरं. त्यानं मला दोन्हींपासून वाचवलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला खोटं सांगितलं. मला राग आला होता, तो कुठं ठेवावा तेच कळत नव्हतं.

"आणि तिले काही झालं असतं तं?" मी विचारलं.

"झालं असतं तं मी खेळ सोडून पळालो असतो," तो म्हणाला. सरळच, जसा तो भोपाळच्या पोरीचं म्हणाला होता तसाच. "तुले वाटते मी फायनल पाहत बसलो असतो?"

नाही. मला तसं वाटत नव्हतं. सहा वर्षं मी ज्याला पाहिलं नव्हतं तो माझ्या मागं असाच उभा होता, हे मला तेव्हा कळलं असंही नाही. माहीत होतं. आता मानेलाही कळलं, एवढंच. मी उत्पलाच्या डोक्यावरचे मुरमुरे झटकले आणि तिच्या केसांत तोंड घातलं. तिला माझ्या घामाचा वास आवडला नाही. तिनं तोंड फिरवलं.

सासूबाई थर्मास घेऊन आल्या. "मी उठली नाई म्हणून चिडली का वं?"

"नाही आई."

"झोपली होती खरंच. मंग उठली. तोवर तुमचं सुरू झालं होतं. भाऊरावाले देली, मले लघवीले जा लागत होतं." हे त्या एवढ्या शांतपणे म्हणाल्या की शुभम पायरीवर बसून हसायला लागला, नागपूरची पोरगीही हसली.

बक्षीस घेताना भाऊरावांनी आधी सासूबाईंना स्टेजवर बोलावलं, मग आम्हाला. फोटोत सासूबाई मधे आहेत आणि आम्ही दोघं कडेला. तो फोटो आता आमच्या बैठकीत आहे, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली.

बसस्टँडवर शुभम आम्हाला सोडायला आला. पांढुर्ण्याची बस लागलेली होती. त्यानं पिशवी वर चढवली आणि खिशातून फोन काढला.

"भोपाळले आत्ताच सांगून देतो," तो म्हणाला. "उद्यावर कायले?"

"काय सांगतोस?"

"का जागा भरली हाये म्हणून."

मी त्याचे आभार मानायचं ठरवलं होतं. हॉलपासून स्टँडपर्यंत मी ते वाक्य जुळवत आले होते. पण बस सुरू झाली, उत्पला भुकेनं रडायला लागली, आणि मी म्हणाले, "पुढच्या वेळेस खरं सांगत जा."

"मंग हारू," तो खिडकीखालून ओरडला.

बस वळली. मी पोरीला पदराखाली घेतलं. सासूबाई खिडकीकडे बसल्या होत्या, संत्र्याच्या बागांवर ऊन उतरत होतं. त्यांनी विचारलं, "गुवाहाटीले थंडी असते का?"

"असते, आई. जानेवारीत बरीच असते."

"मंग पोट्टीले दोन स्वेटर लागतील," त्या म्हणाल्या. "एक मी उद्याच विणाले घेतो. लोकर हाये घरी."